चौदा नंबरचा बुंधा

"मी माझीच झाडं मुळासकट गायब केली, असं सरकारचं म्हणणं आहे."

खुर्चीवर बसायच्या आधीच बाईंनी हे सांगून टाकलं. साठीच्या आसपासच्या असतील. हातात कापडी पिशवी, चपलांना लाल माती, आणि आवाजात असा राग की जो बरेच दिवस गिळून ठेवला आहे.

दाजींच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांनी छत्तीस वर्षं टपालखात्यात शिक्के मारले होते. निवृत्तीनंतर घरात पायात पायात येतात म्हणून बायकोनं त्यांना आपल्या धाकट्या बहिणीच्या कचेरीत पाठवून दिलं होतं. घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि दारावर 'खासगी तपास' अशी पाटी, एवढीच ती कचेरी. पन्नाशी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. तिची बुद्धी मात्र घरात सगळ्यांत थोरली होती, आणि हे दाजींना मनातल्या मनात मान्य होतं.

"बसा," धाकटी म्हणाली. "दाजी, बाईंना पाणी द्या. आणि तुमचा चहा पिऊन टाका, नाहीतर माझ्या कागदांवर सांडाल."

बाईंनी पिशवीतून पत्र काढलं. त्या संत्र्यांच्या बागेच्या मालकीण होत्या. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. चाळीस दिवसांपूर्वी वादळ झालं आणि उताराच्या कडेची सव्वीस झाडांची अख्खी रांग आडवी झाली. जुनी बाग तशीच उभी राहिली. वादळात पडलेल्या झाडांच्या जागी नवी लावायला सरकारी अनुदान होतं, त्यासाठी त्यांनी रीतसर अर्ज केला.

"नियम काय आहे?" धाकटीनं विचारलं.

"पडलेल्या झाडाचा बुंधा मुळासकट जमिनीत असला पाहिजे. तपासनीस येणार, त्याच्यासमोर बुंधे उपटायचे, मोजायचे, मग नवी रोपं. नुसती खोडं चालत नाहीत, ती कुणीही कुठूनही आणून टाकेल. पडलेली खोडं आम्ही कमरेच्या उंचीवर कापून बाजूला रचली, पाटाचं पाणी अडत होतं म्हणून. बुंधे आपल्या वजनानं परत खड्ड्यात बसले. तपासणीच्या आधी दोन दिवस मी मुलीकडे गेले, डोळे दाखवायला. माळ्यालाही सुट्टी दिली. परत येऊन बघते तर तेवीस बुंधे नाहीत. नुसते खड्डे."

"आणि खोडं?"

"जशीच्या तशी. चांगलं लाकूड सोडलं आणि कुणाच्या कामाची नाहीत ती मुळं नेली."

पत्रात लिहिलं होतं, की खोडांवर करवतीच्या खुणा आहेत आणि मुळं नाहीत, त्यावरून अर्जदाराने उभी झाडं स्वतः तोडून पुरावा नष्ट केल्याचं दिसतं. पंधरा दिवसांत खुलासा आला नाही, तर नाव फसवणूक करणाऱ्यांच्या यादीत कार्यालयाच्या फळ्यावर लागेल.

"अनुदान गेलं तरी मी रडत बसणार नाही," बाई म्हणाल्या. "पण ह्यांनी जन्मभर लोकांना समजावलं, की सरकारचा पैसा घ्या, पण खोटं लिहून घेऊ नका. त्याच फळ्यावर आमचं नाव लागलेलं मला बघवणार नाही हो."

एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसल्या.

धाकटी उठली. "दाजी, छत्री घ्या. आणि जाड तळव्यांचे बूट घाला. मागच्या वेळेसारखं काटा मोडला म्हणून मला हाका मारू नका."

*

बागेत त्यांना माळीमामा भेटले. मालकांच्या वेळेपासूनचे. रांगेतल्या प्रत्येक झाडापाशी चुन्यानं आकडा लिहिलेला एक दगड होता. खड्डे, खड्डे, मग एक बुंधा, पुन्हा खड्डे. उरलेले बुंधे तीन होते. सहा, चौदा आणि बावीस.

"हे तीनच का राहिले?" दाजींनी विचारलं.

"सहा आणि बावीस नंबरची रोपं लावल्या लावल्या मेली होती. त्या जागी मालकांनी घरची रोपं लावली. वादळात शेजारची झाडं अंगावर कोसळली म्हणून तीही गेली, पण ती सरकारी नोंदवहीत नाहीत. नोंद फक्त नर्सरीतून आणलेल्या चोवीस झाडांची. तेव्हाही अनुदानच होतं, आठ वर्षांपूर्वी. मंजूर नर्सरीची रोपं घ्यायची अट होती."

"म्हणजे नोंदीतली तेवढीच नेली," दाजी उत्साहानं म्हणाले. "ज्याला बाईंचं अनुदान बुडवायचं होतं त्यानं!"

"पण चौदा नंबर नोंदीत आहे ना?" धाकटीनं विचारलं.

"आहे की. ती आमची दुबारी, दोनदा कलम बांधलेली." माळीमामा हसले. "साहेब, संत्र्याचं झाड म्हणजे दोन झाडं असतात. खाली मुळांचं जंगली रोप, त्याला खुंट म्हणायचं. त्याच्यावर चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब, बांधायचा. जिथं बांधलं तिथं जन्मभर गाठ दिसते. दुबारीचं नर्सरीतलं कलम पहिल्याच वर्षी जळलं, आणि खालून खुंटाला जंगली फूट आली. मी खुडायला गेलो तर मालक म्हणाले, राहू दे. बराच वेळ बघत बसले. एक पान तोडून खिशात घातलं, सायकल काढली आणि कलमकाकांकडे गेले."

"कलमकाका कोण?"

"नर्सरीवाले. मालकांचे जिवलग. पुढं ती फूट वाढल्यावर मालकांनी स्वतःच्या हातानं तिच्यावर डोळा बांधला."

धाकटीनं दाजींना बुंध्याशेजारी उभं केलं. गाठ त्यांच्या गुडघ्याला लागत होती. सहाची आणि बावीसचीही तिथंच.

"मालक नेहमी गुडघ्याला बांधायचे?"

"नेहमी. खाली बांधलं की गाठीला माती लागते, म्हणायचे."

बोलता बोलता माळीमामांचा हात सहा नंबरच्या तळाशी गेला. तिथं कोवळी टोकं वर आली होती. त्यांनी ती चिमटीत धरून खुडली.

"मेलेल्या झाडाची फूट कशाला खुडता?" दाजींनी विचारलं.

"सवय हो. चाळीस वर्षं हेच केलंय. जंगली फूट हाताला लागली की हात आपोआप जातो. रोज सकाळी एक फेरी मारतो. डोळ्यांना जवळचं दिसत नाही हल्ली, पण बोटांना कळतं."

ते चौदाकडे वळले, तशी धाकटी म्हणाली, "मामा, आजपासून या तिघांना हात लावायचा नाही. विणलेल्या टोपल्या आहेत ना फळांच्या? एकेक पालथी घाला. मी सांगेपर्यंत उचलायची नाही."

माळीमामांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी खांदे उडवले. धाकटीच्या डोक्यात काय चाललं आहे हे विचारायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

"वादळानंतर इथं कोण कोण येऊन गेलं?"

"सगळेच. शेजारचे आमचे भाऊजीसाहेब, म्हणजे मालकांचे धाकटे भाऊ. ते तर म्हणाले, आता ही कड मोकळी झालीच आहे तर रस्त्याला द्या. कलमकाका दुसऱ्याच दिवशी आले. फार हळहळले. देवमाणूस. कापलेल्या बुंध्यांची मुळं एका बाजूनं उघडी पडली होती, त्यांच्यावर त्यांनी पायानं माती लोटली. मुळांना ऊन लागतं, म्हणाले."

*

भाऊजींच्या बंगल्याच्या अंगणात खोदाईचं पिवळं मशीन उभंच होतं. दाजींनी धाकटीला कोपरानं ढोसलं. तिनं लक्ष दिलं नाही.

"मशीन माझं आहे, मग?" भाऊजी म्हणाले. "कलमवाल्याकडेही आहे. वादळानंतर पंधरा दिवस दोन्ही मशीनं जिकडेतिकडे चालू होती, रस्त्यांवरची झाडं उचलायला. कुणाचं चाक कुठं उमटलं, आता कोण सांगणार?"

"तुम्हाला ती कड हवी होती."

"हवी होती नाही, हवी आहे! माझ्या गाड्यांना दोन मैलांचा वळसा पडतो. पण वहिनीची झाडं चोरून मला रस्ता कसा मिळेल? जमीन तर तिचीच राहणार."

"आठ वर्षांपूर्वीच्या, मालकांच्या अर्जावर साक्षीदार तुम्ही होतात?"

"हो. झाडांच्या नंबरांची यादी अजून कपाटात आहे. बघायचीय?" त्यांनी ती खरंच काढून आणली. सहा आणि बावीस सोडून सगळे आकडे होते, चौदासुद्धा.

निघताना भाऊजी फाटकापर्यंत पोहोचवायला आले. कुंपणाजवळच्या झाडाकडे हात करून म्हणाले, "यंदा संत्री झकास धरलीत. बाग सगळी मक्त्यानं दिलेली, पण डोळ्याला बरं वाटतं."

दाजींनी पाहिलं. ते लिंबाचं झाड होतं.

रस्त्याला लागल्यावर दाजी म्हणाले, "मशीन त्याचं, यादी त्याची, लोभ त्याचा. आणखी काय पाहिजे तुला?"

"त्यानं चौदा नंबर का सोडला, ते पाहिजे."

"विसरला असेल. नाहीतर घाईत राहिला असेल."

"दाजी, रांगेत चौदावा मधे येतो. घाई झाली तर शेवटचे राहतात, मधला नाही."

*

तपासनीस तरुण होता. टेबलावर धुळीचा कणही नव्हता, आणि कानामागे पेन्सिल. त्याच्या आधीचा माणूस लाच घेताना सापडून निलंबित झाला होता, म्हणून हा प्रत्येक ओळ दोनदा वाचायचा.

"माझं बाईंशी वैर नाही," तो म्हणाला. "मी गेल्या वर्षी इथं आलो. कुणाची झाडं कशी होती मला माहीत नाही. मी वहीत बघतो आणि दगडावरचा आकडा बघतो. बुंधा आहे, तर झाड आहे. बुंधा नाही, तर ते लाकूड. उद्या मी डोळेझाक केली तर लोक काय म्हणतील?"

"चौदा नंबर?"

त्यानं वहीत बोट फिरवलं. "नोंद आहे, बुंधाही आहे. चोवीसपैकी तेवढाच एक सापडला. तो मी लिहिलाय."

"तुमच्या वहीत खुंट कोणता, तेही लिहिलेलं असतं?"

"मंजूर खुंट एकच आहे, रानलिंबाचा. मुळं खोल जातात त्याची. नर्सरीनं तसा दाखला दिलेला असतो. खुंट मंजूर नसेल तर त्या झाडाला कसलंच अनुदान नाही, नियम स्पष्ट आहे."

"त्या वर्षी त्या नर्सरीतून आणखी कुणी रोपं नेली?"

त्यानं यादी काढून दिली. मालकीणबाईंना धरून बारा नावं होती. दाजींनी ती आपल्या सुबक टपाली अक्षरात उतरवून घेतली, कशासाठी ते न कळता.

*

नर्सरीच्या फाटकाशी एक बाई हातगाडीवर लांब काठ्या रचत होती. जाड, नव्या, टोकं तासलेल्या.

"झाडांना टेकू," ती म्हणाली. "काका वादळानंतर घरोघर वाटतायत. फुकट. वर स्वतः जाऊन झाडांना बांधूनही देतात."

दाजींना भरून आलं. "अशी माणसं राहिली नाहीत हो हल्ली. सगळ्या गिऱ्हाइकांना देतात?"

"सगळ्यांना कुठं? अकरा बागांनाच. त्यांनी यादी दिलीय मला."

धाकटीनं यादी मागून पाहिली आणि दाजींच्या हातात दिली. दाजींनी आपला कागद शेजारी धरला. मालकीणबाई सोडून अकराच्या अकरा नावं जुळत होती. योगायोगही असतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

कलमकाका वाफ्यांमध्ये उकिडवे बसून रोपांना डोळे बांधत होते. सत्तरीचे, सडपातळ. बोटं मात्र तरण्या माणसाची. प्रत्येक रोपावरची पट्टी मातीपासून वीतभरच उंचीवर होती.

"मालकीणबाईंकडून आलात ना? त्यांना सांगा, नवी रोपं माझ्याकडून. पैसे नकोत. अनुदान मिळो न मिळो."

"तुम्ही इतकं खाली का बांधता?" धाकटीनं विचारलं. "मालक तर गुडघ्याला बांधायचे."

काका पहिल्यांदाच मोकळं हसले. "त्यांचा हट्ट तो! गुडघ्यापर्यंत खुंट वाढवायचा तर वर्ष जास्त जातं. मी धंदेवाला, मला कुठं परवडतं? त्यावरून आम्ही तीस वर्षं भांडलो. या भागात गुडघ्याला बांधणारा दुसरा माणूस नाही. शंभर झाडांत त्यांच्या हातचं एक झाड असलं तरी मी लांबून ओळखतो."

"रानलिंबाचं बी नेहमी मिळतं?"

"मिळतं," ते म्हणाले आणि पुन्हा पट्टी गुंडाळू लागले. "एखाद्या वर्षी नाही मिळत."

परतताना धाकटी भराभर पुढं चालत होती. दाजींनी दोनदा भूक लागल्याचं सुचवलं, ते तिच्या कानापर्यंत पोहोचलं नाही.

"बारा दिवस आहेत अजून," शेवटी ती म्हणाली. "दहा पुरतील. तोवर थांबायचं."

"कशासाठी?"

"साक्षीदार लहान आहे. त्याला बोलता येईपर्यंत."

*

अकराव्या दिवशी सकाळी सगळे त्या रांगेत जमले. तपासनीस वही घेऊन आला होता. भाऊजी हाताची घडी घालून उभे होते. कलमकाका सगळ्यात शेवटी आले आणि थोडे लांबच थांबले. तीन बुंध्यांवर तीन टोपल्या पालथ्या होत्या.

"बुंधे कुणी नेले, ते आधी सांगते," धाकटी म्हणाली. "चोराला लाकूड नको होतं, मुळं हवी होती, तीही नर्सरीच्या झाडांचीच. नर्सरीची झाडं ओळखायच्या तीन तऱ्हा आहेत. एक कागद. भाऊजींकडे यादी आहे आणि तपासनीस साहेबांकडे वही. दोन्हीत चौदा नंबर नर्सरीचा म्हणून लिहिलाय. कागद बघून खोदलं असतं तर चौदा गेला असता."

भाऊजींनी हाताची घडी सोडली.

"दुसरी तऱ्हा म्हणजे आठवण. बाईंना आणि माळीमामांना दुबारीचा सगळा इतिहास पाठ आहे. तिचं मूळ नर्सरीचं, हे त्यांना झोपेतही सांगता येईल. त्यांनी खोदलं असतं तरी चौदा गेलाच असता. साहेब, बाईंवरचा ठपका इथंच संपतो."

तपासनिसानं कानामागची पेन्सिल काढली.

"तिसरी तऱ्हा डोळा. ज्यानं यादी पाहिली नाही आणि ज्याला दुबारीची गोष्ट ठाऊक नाही, तो फक्त गाठीकडे बघणार. गाठ वीतभर उंचीवर, म्हणजे नर्सरीचं. गुडघ्याला, म्हणजे मालकांच्या घरचं. चौदाची गाठ गुडघ्याला आहे. म्हणून तो राहिला. मालकांच्या हातचं झाड लांबून ओळखणारा माणूस एकच आहे, आणि तसं त्यानं मला हसत हसत सांगितलंय."

कुणी मान वळवून पाहिलं नाही. तशी गरजच पडली नाही. कलमकाका खाली मातीकडे बघत होते.

"दुसऱ्या दिवशी त्यांनी उघड्या मुळांवर माती लोटली," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "पण झाड कापलेलं होतं. कापलेल्या झाडाच्या मुळांना उन्हाची कसली भीती? ती कुणाच्या नजरेला पडू नयेत, एवढंच त्यांना हवं होतं. मग ते टेकू वाटत सुटले. त्या एकाच वर्षी रोपं नेलेल्या अकरा जणांना."

दाजींना आपली सुबक यादी आठवली, आणि दोन्ही कागद हातात धरून आपण काय विचार केला होता तेही. त्यांनी कानाची पाळी चोळली.

"पण का?" तपासनिसानं विचारलं.

"ते या टोपलीखाली आहे." धाकटी मालकीणबाईंकडे वळली. "बाई, तुमचं नाव आता फळ्यावर लागत नाही. इथं थांबलं तरी चालेल. टोपली उचलली तर अनुदान जाईल. आणि घरातलंही काहीतरी दुखेल, हे काल मी तुम्हाला सांगितलंय. तेव्हा उचलायची की नाही, तुम्ही ठरवा."

"नाही उचलली तर?"

"तर अकरा बागा आहेत तशाच उभ्या राहतील. पुढच्या वादळापर्यंत."

"त्यातल्या एका बागेतून शाळेची वाट जाते," बाई म्हणाल्या. हे त्या कुणाला सांगत होत्या कळलं नाही. मग त्या वाकल्या.

आधी त्यांनी सहाची टोपली काढली. बुंध्याच्या तळाशी हिरवीगार फूट आली होती. रुंद, एकेरी पानं, रानलिंबाची. बावीसचंही तसंच. चौदाशी त्या जरा थांबल्या आणि मग टोपली उचलून बाजूला ठेवली.

इथली फूट काटेरी होती, आणि प्रत्येक देठाला एकाऐवजी तीन पानं.

"हे रानलिंबू नाही," तपासनीस म्हणाला.

"नाही," कलमकाका म्हणाले. "त्या वर्षी रानलिंबाचं बी आलंच नाही. तीनपानी खुंटाची हजारभर रोपं तयार होती. मी त्याच्यावर बांधलं आणि दाखल्यावर रानलिंबू लिहिलं. वाटलं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. पण त्याची मुळं वरच्यावर पसरतात. वादळ झालं तेव्हा रात्रभर पडून मी हीच रांग मोजत होतो. बुंधे साहेबांसमोर उपटले असते तर पहिल्याच मुळाशी कळलं असतं. तुम्ही नसताना मशीन घेऊन आलो, वहिनी. सगळे नेऊन जाळले. ठपका तुमच्यावर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आल्यावरही मी गप्प बसलो."

मालकीणबाई त्या तीन पानांकडेच बघत होत्या.

"ह्यांनी पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "आठ वर्षांपूर्वी. पान खिशात घालून तुमच्याकडे आले होते ना?"

काकांनी मान हलवली. "आले. पान माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, पुढच्या वर्षापासून चूक नको, मी कुणाला बोलणार नाही. कुठल्या झाडाचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी शब्द पाळला, वहिनी. त्यांनीही पाळला."

"मलासुद्धा नाही सांगितलं," बाई म्हणाल्या.

दाजींना फार वाईट वाटलं. ज्या माणसाच्या नावासाठी ही बाई घड्याळाच्या दुकानाचा जिना चढून आली होती, त्याच माणसानं मित्रावरच्या मायेपोटी अकरा घरांपासून एक गोष्ट लपवली होती. आणि वर गुडघ्याच्या उंचीवर, किती जपून, चांगला डोळा बांधला होता.

तपासनिसानं घसा साफ केला. "हे लिहिलं तर या रांगेला अनुदान देता येणार नाही, बाई. वादळाचंही नाही. पहिलं दिलेलं होतं त्याचीही चौकशी होईल. आणि नर्सरीची मंजुरी..."

"लिहा," बाई म्हणाल्या. "ह्यांनी पान पाहिलं होतं, तेही लिहा. नीट लिहा, खाडाखोड नको."

तो लिहू लागला.

"मी काय करू, वहिनी?" काकांनी विचारलं.

"अकरा घरी टेकू घेऊन गेलात ना, तोंडातून शब्द न काढता? आता त्याच अकरा घरी रिकाम्या हातानं जा, आणि बोला."

काकांनी दोन्ही हात जोडले. मग ते वळले आणि उतारानं चालू लागले. भाऊजी काही क्षण घुटमळले. मग "थांबा, मी गाडी काढतो," असं म्हणत त्यांच्या मागे गेले. या माणसाबद्दल आपण काय काय बोललो होतो, ते आठवून दाजींना ओशाळल्यासारखं झालं.

रांगेत आता पाचजणच उरले. माळीमामा चौदा नंबरपाशी बसले होते, डोळे बारीक करून. त्यांचा हात नकळत पुढं गेला आणि बोटांच्या चिमटीत ती काटेरी फूट आली.

"खुडू नका, मामा," मालकीणबाई म्हणाल्या. "आठ वर्षं खुडलीच की आपण. आता लोक येतील बघायला, त्यांना बघू द्या."

माळीमामांनी हात मागं घेतला. आणि पुन्हा जाऊ नये म्हणून, तो खिशात घालून ठेवला.